जामीन राहायचं, पण किती रुपयांपुरतं?

"सर, एक सही हवी होती. नुसती फॉर्मॅलिटी आहे." जिल्हा परिषदेच्या शाळेतली स्टाफरूम, एसटीचा डेपो, पंचायत समितीतलं आस्थापना विभागाचं टेबल, जिथे म्हणून महिन्याच्या महिन्याला पगार होतो तिथे हे वाक्य वर्षानुवर्षं बोललं जातं. बोलणारा कधी सहकारी असतो, कधी मेव्हणा, कधी ज्याच्या वडिलांनी आपल्या वडिलांना अडल्यावेळी हात दिला होता असा गावाकडचा माणूस. नाही म्हणायची सोय नसते. पगारपत्रक, आधार-पॅनच्या झेरॉक्स आणि दोन फोटो दिले जातात. छापील अर्जावर पेन्सिलीने फुल्या मारलेल्या असतात तिथे तिथे सही होते. कर्ज किती, व्याज किती, मुदत किती हे विचारणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं, म्हणून तेही राहून जातं. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. कर्जदाराचा फोन लागत नाही, त्याच्या दुकानाचं शटर खाली, आणि पगारातून कपात करावी असं पतसंस्थेचं पत्र आस्थापना विभागात येऊन पडलेलं.

अशा जामीनदाराला आपण सगळे एकच शेरा मारतो: वाचून सही करायची ना! मला तो पटत नाही. त्याने प्रत्येक ओळ वाचली असती तरी त्याच्या वाट्याला आलं त्यात फारसा फरक पडला नसता. वाचून त्याला एवढंच कळलं असतं, की आपण सगळ्याच बाजूंनी बांधले जातोय. वाटाघाटीची जागा त्या कागदात नाहीच. जामीनकी बंद करा असं मी म्हणत नाही. पण आपल्याकडच्या पतसंस्था आणि सहकारी बँका ती ज्या रीतीने वापरतात, त्यात कर्ज देणाऱ्याने स्वतः करायची पारख एका तिसऱ्याच माणसाच्या पगारावर ढकलली जाते, तीही फुकट आणि अमर्याद. हे थांबवता येतं. त्यासाठी दिल्लीकडे बघायचीही गरज नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्यातली १२६ ते १४७ ही कलमं हमीच्या कराराची. जामीन राहण्याचा करार तोंडीही होऊ शकतो, लेखीच हवा असं नाही. दुसरी गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. एरवी मोबदल्याशिवाय करार नाही असा या कायद्याचा आग्रह असतो. इथे मात्र मूळ कर्जदाराच्या हातात पैसे पडले, तेवढा मोबदला जामीनदारासाठीही पुरेसा धरला जातो. त्याला स्वतःला चहाचा कपही मिळालेला नसला तरी करार पक्का. आणि मग येतं कलम १२८: कर्जदार जितका बांधील तितकाच जामीनदारही बांधील, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर. मुद्दल, व्याज, खर्च, सगळं. या 'नसेल तर'कडे शेवटी येईन.

'तितकाच बांधील' याचा अर्थ आपण मनातल्या मनात असा लावतो, की आधी कर्जदाराला धरतील, त्याच्याकडे काहीच निघालं नाही तर आपल्याकडे येतील. तसं नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात पाटण्याच्या न्यायालयांनी अगदी हाच समंजस क्रम लावून दिला होता: बँकेने आधी कर्जदाराविरुद्धचे उपाय संपवावेत, मग जामीनदाराकडे वळावं. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो क्रम रद्द केला. धनकोला, म्हणजे कर्ज देणाऱ्याला, थांबायला लावलं तर हमी घेण्याचा हेतूच बारगळतो, असा त्यामागचा विचार होता. व्यापारी व्यवहारात हा विचार बरोबरच आहे. दोन्ही बाजूंना वकील आहेत, सही करणाऱ्याला कंपनीत हिस्सा आहे, कर्ज मिळालं तर त्याचंही भलं होणार आहे, अशा ठिकाणी धनकोला ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही. पण तोच नियम दुसऱ्याच्या पिठाच्या गिरणीसाठी सही करणाऱ्या आरोग्यसेविकेलाही जसाच्या तसा लागू होतो. आणि वसुली अधिकारी माणूसच असतो. एकीकडे पत्ता बदललेला कर्जदार, दुसरीकडे निवृत्तीपर्यंत एकाच कार्यालयात सापडणारा पगारदार, यातलं आधी कोण गाठलं जाईल हे सांगायला नको.

मराठीत जामीन या शब्दाची आणखी एक जागा आहे, ती म्हणजे फौजदारी न्यायालय. तिथल्या जामीनदाराची या जामीनदाराशी तुलना करून बघा. आरोपीसाठी जामीन राहणारा माणूस ऐपतीचा दाखला देतो आणि ठरावीक रकमेच्या बंधपत्रावर सही करतो. पंचवीस हजार लिहिले असतील तर पंचवीस हजार. आरोपी कितीही मोठ्या गुन्ह्यातला असो आणि कितीही वर्षं फरारी राहो, आकडा फुगत नाही. आरोपी गैरहजर राहिला तर न्यायालय जामीनदाराला नोटीस काढून विचारतं, की दंड का वसूल करू नये ते सांग. कारण पटलं तर रकमेचा काही भाग सोडून देण्याचा अधिकारही न्यायालयाला आहे. आरोपीचं लक्षण ठीक दिसेना, तर जामीनदार कधीही अर्ज करून आपली सुटका मागू शकतो. मग आरोपीला हजर करून दुसरा जामीन आणायला सांगितलं जातं. बंधपत्र जप्त होण्याआधी जामीनदार वारला, तर त्याच्या मिळकतीवर काही बोजा राहत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे सगळं होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते तसंच आहे.

म्हणजे खुनाच्या आरोपीला जामीन राहणाऱ्याला रकमेची मर्यादा आहे, म्हणणं मांडायची संधी आहे, अंग काढून घ्यायची वाट आहे. पिकअप गाडीच्या कर्जाला जामीन राहणाऱ्याला यातलं जवळजवळ काहीही नाही. हा फरक कुणी विचारपूर्वक केला असेल असं मला वाटत नाही. एका ठिकाणी समोर राज्यसंस्था होती म्हणून कायदे करणाऱ्यांनी नागरिकाच्या बाजूने चार गोष्टी लिहून ठेवल्या. दुसऱ्या ठिकाणी दोन खासगी पक्षांचा करार म्हणून सोडून दिलं.

आपल्या जुन्या धर्मशास्त्राने असं सोडून दिलं नव्हतं. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात जामीनदाराला प्रतिभू म्हटलंय आणि प्रातिभाव्याचे, म्हणजे जामीनकीचे, तीन प्रकार सांगितलेत: दर्शन, प्रत्यय आणि दान. दर्शनाचा जामीन म्हणतो, हा माणूस मी हजर करीन. प्रत्ययाचा म्हणतो, हा भरवशाचा आहे, माझ्या शब्दावर त्याला दे. दानाचा म्हणतो, याने दिले नाहीत तर मी देईन. पहिल्या दोघांचा शब्द खोटा ठरला तर भरपाई त्यांच्यापुरतीच, त्यांच्या मुलांवर ती येत नाही; तिसऱ्याच्या मुलांवर मात्र येते. सही घेताना कर्जदार जे बोलतो आणि सही देताना जामीनदार जे समजतो, ते सगळं दुसऱ्या प्रकारातलं असतं. "ओळखता ना मला?" "ओळखतो की." बँकेच्या कागदावर मात्र निव्वळ तिसरा प्रकार छापलेला असतो. ओळख द्यायला गेलेला माणूस दान देऊन परत येतो.

त्याच अध्यायात आणखी एक नियम आहे, आणि तो वाचून मला त्या काळच्या लोकांच्या व्यवहारज्ञानाचं कौतुक वाटलं. धनकोने उघडपणे जामीनदाराकडून पैसे वसूल केले, तर मूळ कर्जदाराने जामीनदाराला दुप्पट परत करायचे. दुप्पट! मित्राला तोंडघशी पाडणं कर्जदाराला परवडू नये याची ती तजवीज होती. आजच्या कायद्यात जामीनदाराने रास्तपणे भरलेली रक्कम कर्जदाराकडून मागण्याचा हक्क आहे, धनकोच्या जागी उभं राहण्याचाही आहे. फक्त तो बजावायचा कसा हे पाहिलं की हसू येतं. (स्मृतीतलं सगळंच पुन्हा आणा असं कुणी समजू नये. मुलांवर बोजा टाकणारा नियम तिथेच आहे, तो गेला हे बरंच झालं.)

हक्क बजावण्याची ही गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण महाराष्ट्रात खरी विषमता इथे आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली पतसंस्थेला किंवा सहकारी बँकेला दिवाणी दावा लावत बसावं लागत नाही. निबंधकाकडे अर्ज, थकबाकीचं विवरण, थोडक्यात चौकशी आणि वसुली दाखला. बोलीभाषेत 'एकशेएकचा दाखला'. हा दाखला थकबाकीचा निर्णायक पुरावा मानला जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करता येते. मग कलम १५६ आणि नियम १०७ प्रमाणे विशेष वसुली अधिकारी जप्ती आणि लिलावापर्यंत जाऊ शकतो. कलम ४९ खाली सभासदाने करारनामा करून दिलेला असला, की त्याच्या पगारातून कपात करून संस्थेला भरणं मालकावर बंधनकारक होतं; पगारदारांच्या संस्थांचा तर सगळा डोलारा यावरच उभा आहे. दाखला चुकीचा आहे, हिशेब चुकलाय, सहीच माझी नाही, असं म्हणत फेरतपासणीला जायचं तर कलम १५४ प्रमाणे वसूलपात्र रकमेच्या निम्मी रक्कम आधी संस्थेत भरावी लागते. सहा लाखांची थकबाकी असेल तर तीन लाख भरा, मग तुमचं म्हणणं ऐकू. ज्याने कर्जातला एक रुपया पाहिला नाही त्यालाही हीच अट.

आता याच जामीनदाराने पैसे भरले आणि तो कर्जदाराकडून वसूल करायला निघाला, तर त्याला काय मिळतं? त्याच अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात वाद. तारखा, वकील, पुरावे, मग निवाडा, मग त्याची अंमलबजावणी. तोवर कर्जदाराचं घर बायकोच्या नावावर झालेलं असतं. एकाच कर्जाच्या वसुलीसाठी संस्थेला जलद रस्ता आणि जामीनदाराला खडीचा रस्ता, आणि दोन्ही रस्ते एकाच कायद्याने आखलेले.

करार कायद्यात जामीनदाराच्या बाजूची कलमं नाहीत असं नाही. आहेत, आणि चांगली आहेत. कर्जाच्या अटी त्याला न विचारता बदलल्या, तर पुढच्या व्यवहारापुरता तो सुटतो. धनकोने परस्पर कर्जदाराशी तडजोड केली किंवा मुदत वाढवून देण्याचं कबूल केलं, तर सुटतो. तारण असलेली वस्तू धनकोने हातची घालवली, तर तेवढ्या किमतीपुरता सुटतो. महत्त्वाची माहिती दडवून हमी घेतली असेल, तर हमीच बाद. चालू खात्यासारख्या सततच्या व्यवहाराला दिलेली हमी पुढच्या व्यवहारांपुरती मागे घेता येते. पण छापील हमीपत्रात बारीक टायपात एक परिच्छेद असतो, त्यात यातले बरेचसे हक्क जामीनदाराने 'राजीखुशीने' सोडून दिलेले असतात. आणि न्यायालयं त्या परिच्छेदाला मान देतात. सीताराम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या २००८ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की हमी मागे घेण्याचा हक्क तुम्ही करारानेच सोडलात, आता कलम १३० पुढे करू नका. कायद्याने एका हाताने दिलेलं छापखान्याने दुसऱ्या हाताने काढून घेतलं, असा हा प्रकार आहे.

त्यात 'नवं-जुनं' येतं. सहकारात वावरलेल्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मार्चअखेर जवळ आली, खातं थकतंय, अनुत्पादित, म्हणजे वसुली थांबलेल्या, कर्जाचा आकडा वाढला तर लेखापरीक्षणाचा वर्ग घसरेल. मग जुनं कर्ज व्याजासकट नव्या कर्जाने फेडल्याचं दाखवायचं. दोन लाखांचे दोन लाख ऐंशी हजार होतात. जामीनदार बहुधा तेच राहतात, कधी पुन्हा सही घेऊन, कधी पहिल्याच वेळी घेऊन ठेवलेल्या कोऱ्या फॉर्मवर. कोऱ्या सह्या घेणं बेकायदा आहे हे सगळ्यांना माहीत आहे, ते सिद्ध करणं कुणालाच जमत नाही. आणि 'मी तुला, तू मला' अशी साखळी असते: एका कार्यालयातले पाच जण आळीपाळीने कर्जदार आणि उरलेले जामीनदार. कागदावर प्रत्येक कर्जाला भक्कम हमी. प्रत्यक्षात पाच पगारांची तीच ती हमी पाच वेळा मोजलेली. एक जण कोसळला की बाकीच्यांचे हप्ते चुकायला लागतात, सिबिलचे आकडे घसरतात, कारण जामीन राहिलेलं कर्ज तिथेही तुमच्या नावाखाली दिसतं.

पतसंस्था चालवणाऱ्यांचं उत्तर मी अनेकदा ऐकलंय आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. ते म्हणतात, आमच्याकडे येणारा माणूस राष्ट्रीयीकृत बँकेने दारातून परत पाठवलेला असतो. सातबाऱ्यावर आठ नावं, घर गावठाणातलं, प्राप्तिकर विवरणपत्र नाही. त्याच्याकडे तारण नाही, माणसं आहेत. जामीनदार काढून घेतलात तर तो सरळ सावकाराकडे जाईल. खरं आहे. सहकाराची सुरुवातच या कल्पनेवर झाली. १९०४ च्या कायद्याने गावोगावी पतसंस्था निघाल्या तेव्हा ग्रामीण संस्थांच्या सभासदांची जबाबदारी अमर्यादित होती. सगळे सगळ्यांना जामीन. पण ती रचना चालायची ती एका अटीवर. सभासद एका गावचे, कोण बैल विकून लग्नात उडवतोय ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, आणि कर्ज मंजूर करायला बसणारेही तेच. जामीन राहणाऱ्याला कर्ज नाकारण्याचा अधिकार होता. आज संस्थेच्या शाखा चार जिल्ह्यांत, मंजुरी मुख्य कार्यालयातल्या कर्ज उपसमितीची, आणि जामीनदाराला कर्जाचा हप्ता चुकला हे कळतं ते तीन वर्षांनी. जोखीम त्याच्याकडे राहिली, माहिती आणि अधिकार तिसरीकडे गेले. तारण नसलेल्याला कर्ज मिळावं म्हणून जामीनदार हवा, हे मान्य. तो अंधारात का हवा, याचं उत्तर मात्र मला आजवर कुठल्या चेअरमनकडून मिळालेलं नाही.

हमीला किंमत असते हे तर सरकारलाही मान्य आहे. लहान उद्योगांना तारणाशिवाय आणि तिसऱ्याच्या जामिनाशिवाय कर्ज मिळावं म्हणून २००० साली केंद्र सरकार आणि लघुउद्योगांसाठीची विकास बँक असलेल्या सिडबीने पतहमी न्यास काढला. तो बँकांना हमी देतो आणि त्यासाठी दरवर्षी शुल्क घेतो, शिवाय हमी कर्जाच्या ठरावीक टक्क्यांपुरतीच असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत शिक्षणकर्जाला जामीनदार लागत नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्र ७५ टक्क्यांची हमी देतं. पंचवीस टक्के जोखीम बँकेची राहते, म्हणजे तिला पारख करावीच लागते. राज्य सरकारंही जामीन राहतात. साखर कारखान्यांच्या कर्जांना दिलेली थकहमी महाराष्ट्राला नवी नाही, आणि ती कुणाच्या कारखान्याला मिळते कुणाच्या नाही यावरून होणारं राजकारणही नवं नाही. संविधानाच्या २९३ व्या अनुच्छेदाप्रमाणे अशा हम्यांवर विधिमंडळ मर्यादा घालू शकतं. जानेवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने प्रसिद्ध केलेल्या कार्यगटाच्या अहवालात शिफारस आहे, की राज्याने एका वर्षात द्यायच्या नव्या हम्या महसुली जमेच्या ५ टक्के किंवा राज्य सकल उत्पन्नाच्या अर्धा टक्का, यातल्या कमी आकड्याच्या वर जाऊ नयेत, आणि हमी देताना शुल्क घ्यावं. लाखो कोटींचा अर्थसंकल्प असलेल्या सरकारने आपल्या ऐपतीच्या मानाने जामीन राहावं, असं तज्ज्ञ सांगतात. चाळीस हजार पगाराच्या लिपिकाने किती कर्जांना जामीन राहावं याला कायद्यात मर्यादा नाही.

मोठ्या उद्योगपतींचंही पाहा. कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्या प्रवर्तकांना, म्हणजे कंपनी उभारणाऱ्या मालकांना, दिवाळखोरी संहितेत आणणारी अधिसूचना नोव्हेंबर २०१९ मध्ये निघाली, आणि मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. प्रवर्तकांनी आरडाओरडा केला. पण त्या संहितेत वसुलीइतकीच आणखी एक सोय आहे: परतफेडीची योजना मांडा, धनकोंनी ती मान्य केली तर ठरल्याप्रमाणे फेडा आणि मोकळे व्हा. साध्या माणसासाठीची तीच प्रकरणं कागदावर लिहिलेली आहेत, लागू केलेली नाहीत. कंपनी बुडवणाऱ्याच्या जामीनदाराला सुटकेचा नवा रस्ता, आणि झेरॉक्सच्या दुकानाच्या जामीनदाराला अजून १९०९ आणि १९२० चे ब्रिटिश नादारीचे कायदे.

मग करायचं काय? मला तीन गोष्टी हव्यात, आणि त्यातली सर्वांत महत्त्वाची म्हणजे वेळेवर सूचना. पहिला हप्ता चुकल्यापासून महिन्याभरात जामीनदाराला लेखी आणि मोबाइलवर कळवलं नाही, तर त्यानंतरचं व्याज आणि दंडव्याज त्याच्याकडून मागता येणार नाही, एवढा एक नियम झाला तरी निम्मी दुखणी कमी होतील. पहिल्या हप्त्यालाच कळलं तर जामीनदार त्याच संध्याकाळी कर्जदाराच्या घरी जाऊन बसतो. त्याच्याइतका चांगला वसुली अधिकारी संस्थेला पगार देऊनही मिळणार नाही. तीन वर्षांनी कळलं तर कर्जदार हाती लागत नाही आणि आकडा दीडपट झालेला असतो. फ्रान्सच्या दिवाणी संहितेत हे आहे. धंदा म्हणून कर्ज देणाऱ्याने दरवर्षी ३१ मार्चच्या आत जामीन राहिलेल्या व्यक्तीला शिल्लक रक्कम कळवायची, हप्ता थकला तर तेही कळवायचं, नाहीतर मधल्या काळाच्या व्याजावर पाणी सोडायचं. शिवाय सही करतेवेळी हमीची रक्कम त्याच्या मिळकतीच्या मानाने ढळढळीत जास्त असेल, तर ती कमी होते. तिथे बँका बुडाल्या नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे आकडा. हमीपत्रावर 'व्याज व खर्चासह कमाल अमुक रुपये' असं अक्षरी लिहिल्याशिवाय ते ग्राह्य धरू नये, आणि नवं-जुनं करताना जामीनदाराची नव्याने सही नसेल तर जुना जामीन संपला असं समजावं. आणि तिसरी, कर्जदाराचं तारण संस्थेकडे असेल तर आधी ते विकावं, मग उरलेल्यासाठी जामीनदाराकडे यावं. तारण नसलेल्या कर्जाला हा क्रम लावू नका, तिथे पतसंस्थावाल्यांची अडचण मला समजते.

सही केलेल्या कागदात शासनाने ढवळाढवळ करायची का, हा आक्षेप येईलच. आपल्याच मातीत त्याचं उत्तर आहे. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले, आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्या कायद्याने न्यायालयांना कागदाच्या मागे जाऊन मूळ व्यवहाराचा इतिहास तपासायला सांगितलं, आणि शेतकऱ्याचे करारकागद गावनिबंधकासमोर लिहून व्हावेत अशी तरतूद केली. कराराच्या स्वातंत्र्याचा एवढा डांगोरा पिटणाऱ्या ब्रिटिशांना दख्खनमध्ये हे करावं लागलं. सहकारी संस्था हा तर राज्याचाच विषय. त्यासाठी करार कायद्याला हात लावायची गरज नाही. अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली सार्वजनिक हितासाठी संस्थांना निर्देश देण्याचा अधिकार शासनाकडे आहे, आदर्श उपविधी, म्हणजे संस्थांच्या कारभाराची नमुना नियमावली, पुण्याच्या सहकार आयुक्तालयातून बदलता येतात. अडचण एवढीच, की ज्यांनी हे बदलायचं त्यांच्यातल्या कितीतरी जणांची राजकीय उमेदवारी पतसंस्थेच्या चेअरमनपदापासून सुरू झालेली आहे, आणि जामीनदारांची संघटना कुठेच नाही. ठेवीदारांचे मोर्चे निघतात, कर्जमाफीसाठी आंदोलनं होतात. जामीनदार मात्र लाजेने गप्प बसतो. आपण फसलो हे तो घरातही सांगत नाही.

संगमनेरच्या अनंत फंदींनी आपल्या फटक्यात मित्रासाठी पदरमोड करायला परवानगी दिली आहे, जामीन राहायला मात्र मनाई केली आहे. त्यातला हिशेब पक्का आहे: पदरचे वीस हजार दिले तर नुकसान वीस हजारांचं, सही दिली तर किती ते शेवटपर्यंत कळत नाही. पण सगळ्यांनीच ते ऐकलं, तर आरोग्यसेविकेच्या भावाला पिठाची गिरणी कधी टाकता येणार नाही. म्हणून ज्यांच्यापुढे आज ना उद्या फॉर्म येणारच आहे, त्यांनी कलम १२८ मधलं ते 'वेगळं ठरलेलं नसेल तर' वापरून पाहावं. सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहावं: 'माझी जबाबदारी व्याज व खर्चासह कमाल रु. एक लाख. नूतनीकरणास माझी स्वतंत्र लेखी संमती आवश्यक.' खाली तारीख टाकावी आणि शिक्क्याची प्रत मागावी. मॅनेजर म्हणेल, आमच्या फॉर्मवर असं लिहिता येत नाही. त्याला शांतपणे विचारावं, कर्जदाराची ऐपत तुम्ही तपासलीय ना, मग एक लाखाचा जामीन का पुरत नाही? पटण्यासारखं उत्तर आलं नाही आणि प्रतही मिळाली नाही, तर फॉर्म परत करावा, मग तो मेव्हण्याचा असो नाहीतर साडूचा.